देहरादून ते पनवेल : तेलसंशोधनाची साठ वर्षे

तेलविहिरीतून काढलेला खडकाचा दांडा हातात घेतला की आधी जाणवते ते त्याचे वजन, आणि मग वास. तेलक्षेत्रातली माणसे याला 'कोअर' म्हणतात. खोदणाऱ्या पात्याच्या मधल्या पोकळीत अडकून तो जमिनीखाली दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरांवरून वर येतो. प्रयोगशाळेत तो उभा चिरतात. चिरलेल्या बाजूवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि तो फसफसला, तर खडक चुनखडीचा. मग खोलीतले दिवे बंद करून वर अतिनील दिवा धरतात. दिवसाच्या उजेडात करडा, निर्जीव वाटणारा तो दगड तेल असेल तिथे पिवळा, सोनेरी, कधी निळसर चमकू लागतो. ज्यांनी आयुष्यात हे एकदा पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढची तीस-पस्तीस वर्षे याच कामात घालवली.

खडक वाचण्याचे हे काम देशात पद्धतशीरपणे उभे केले ते तेल व नैसर्गिक वायू आयोगाने, म्हणजे आजच्या ओएनजीसीने, १९६२ साली देहरादूनला स्थापन केलेल्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेने. आज ती केशव देव मालवीय पेट्रोलियम अन्वेषण संस्था म्हणून ओळखली जाते. बोलताना सगळे 'केडीएमआयपीई' म्हणतात. तिच्या पहिल्या साठ वर्षांचा इतिहास लिहायचा, तर तिच्या धाकट्या बहिणींनाही सोबत घ्यावे लागते. अहमदाबाद, पनवेल आणि गोवा या ठिकाणी उभ्या राहिलेल्या संस्थांमुळेच देहरादूनला सुरू झालेले काम पूर्णत्वाला गेले.

१९५० चे दशक : 'इथे तेल नाही' म्हणणाऱ्यांच्या काळात

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात खनिज तेल निघत होते ते आसामात, दिगबोई परिसरात, आणि तेही वर्षाला जेमतेम अडीच लाख टन. तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या हाती होता. मुंबईत तुर्भ्याला १९५४-५५ मध्ये दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, पण त्यात शुद्ध होणारे कच्चे तेल बोटीने बाहेरून यायचे. भारताच्या भूमीत आणखी तेल मिळण्याबद्दल पाश्चात्त्य कंपन्यांचे तज्ज्ञ फारसे उत्साही नव्हते.

हे मत अंतिम मानायला केशव देव मालवीय तयार नव्हते. नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचे मंत्री म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली. सोव्हिएत तज्ज्ञांचे पथक आले आणि निकोलाय कालिनिन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी देशातल्या गाळखोऱ्यांचा आढावा घेतला. १९५५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू संचालनालय निघाले, १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचा आयोग झाला आणि १९५९ मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. मुख्यालय देहरादूनला.

पहिली विहीर १९५७ मध्ये कांगड्यातील ज्वालामुखी इथे खोदायला घेतली. देवीच्या मंदिरात खडकाच्या फटींतून निघणाऱ्या वायूच्या ज्योती शतकानुशतके तेवत आहेत, तेव्हा जागेची निवड अगदी साहजिक होती. वायूच्या खुणा मिळाल्या, पण व्यापारी उपयोगाचे काही हाती आले नाही. बंगालमध्ये सरकार आणि स्टॅनव्हॅक यांचा संयुक्त प्रकल्प चालू होता, तिथल्या विहिरीही कोरड्याच निघाल्या. पुढे १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागले, १९६० मध्ये अंकलेश्वरला, आणि तिथल्या विहिरीचे नाव पंडित नेहरूंनी 'वसुधारा' ठेवले. त्या नावातला आनंद देशभर पसरला. या लेखाच्या दृष्टीने मात्र ज्वालामुखी आणि बंगालच्या कोरड्या विहिरीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. एक विहीर कोरडी का जाते आणि दुसरीत तेल का लागते, हे सांगणारे शास्त्र आपल्या हाताशी असावे, ही गरज त्यांनीच ठसवली.

१९६० चे दशक : शिकणे आणि शिकवणे

नावातच 'संशोधन व प्रशिक्षण' असलेल्या संस्थेत पहिली काही वर्षे शिकणारे आणि शिकवणारे यांच्यातली रेषा पुसटच होती. भूगर्भशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र या विषयांचे नुकतेच पदवीधर झालेले तरुण भरती होत होते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तेलविहीर पाहिलेली नव्हती. सोव्हिएत तज्ज्ञ हाताशी होते, पण त्यांची भाषा रशियन. अनेकांनी रशियन शिकून घेतली, काही जण बाकूला जाऊन प्रशिक्षण घेऊन आले. परत आल्यावर तेच पुढच्या तुकडीचे गुरू झाले.

प्रश्नही अगदी मुळातले होते. खंभातच्या खोऱ्यात एका विहिरीत एक हजार मीटरवर लागलेला वाळूचा थर शेजारच्या विहिरीत बाराशे मीटरवर लागला, तर तो तोच थर आहे की दुसरा? नुसत्या रंगरूपावरून हे कळत नाही. उत्तर सूक्ष्मजीवाश्मांत असते. खडकाचा चुरा धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले वाळूच्या दाण्याएवढे शंखशिंपले वेचायचे. कोणता जीव कोणत्या युगात जगला हे ठाऊक असले की खडकाचे वय ठरते आणि दोन विहिरींची सांगड बसते.

त्याहून नाजूक काम परागकणांचे. खडक हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळवला तरी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे पराग आणि बीजाणू टिकून राहतात. त्यांचा रंग बघायचा. फिकट पिवळा असेल तर तो थर पुरेसा तापलेला नाही आणि त्यातल्या जैविक द्रव्याचे अजून तेल झालेले नाही. तपकिरी असेल तर तेल होण्याजोगा ताप मिळाला आहे. काळा पडला असेल तर तेलाचा टप्पा मागे पडला, फार तर वायू मिळेल. गूळ करताना काहिलीतल्या रसाच्या रंगावरून गुळव्याला जे कळते, तसाच हा हिशेब.

गुजरातेत अंकलेश्वरनंतर कलोल, आसामात रुद्रसागर आणि लकवा अशी तेलक्षेत्रे सापडत गेली आणि देहरादूनला येणाऱ्या नमुन्यांच्या पेट्या वाढत गेल्या. प्रत्येक पेटीवर विहिरीचा क्रमांक आणि खोली. पेट्या उतरवणारे, त्यांची नोंद ठेवणारे, काचपट्टीवर चिकटवलेला खडक घासून त्याची पारदर्शक चकती तयार करणारे कर्मचारी यांची नावे शोधनिबंधांवर येत नाहीत. पण चकती शतांश मिलिमीटरांच्या हिशेबात घासणारा हात चुकला तर वरचा सगळा निष्कर्ष चुकतो. या दशकाचे श्रेय त्या हातांनाही आहे.

विहीर नेमकी कुठे घ्यावी यावरून भूवैज्ञानिक आणि भूभौतिकतज्ज्ञ यांच्यात चर्चा रंगायच्या, कधी आवाजही चढायचे. एका ध्येयाने काम करणाऱ्या माणसांत असे व्हायचेच. विहीर सुरू झाली की सगळ्यांचे डोळे एकाच अहवालाकडे लागलेले असत.

१९७० चे दशक : समुद्राने मांडलेला प्रश्न

मुंबईपासून वायव्येला सुमारे १६० किलोमीटरवर, जिथे समुद्र पंचाहत्तर मीटरच्या आसपास खोल आहे, तिथे तळाखाली खडकांचा एक अवाढव्य उंचवटा आहे, हे साठच्या दशकाच्या मध्यावर 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाच्या सर्वेक्षणातून पुढे आले होते. पण समुद्रात खोदायचे कसे? १९७० मध्ये खंभातच्या आखातात अलियाबेटला पहिला प्रयत्न झाला. जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही रिग १९७३ मध्ये आली. नेमक्या त्याच वर्षी तेलसंकट कोसळले आणि आयातीचा खर्च देशाला पेलेनासा झाला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'च्या पहिल्याच विहिरीत तेल लागले. मुंबई हाय सापडले. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झाले. शोध ते उत्पादन यात जेमतेम सव्वादोन वर्षे! अशा आकाराच्या समुद्री क्षेत्रासाठी हा वेग आजही अभिमान वाटावा असाच आहे.

पण इथे तेल होते ते गुजरातेसारख्या वाळूच्या थरात नव्हे, तर मायोसीन काळातल्या चुनखडकात. मुख्य थराला नाव मिळाले 'एल-तीन'. वाळूचा खडक बऱ्यापैकी एकसारखा असतो. चुनखडकाचे तसे नाही. त्यात कुठे मोठ्या पोकळ्या, कुठे केसाएवढ्या भेगा, आणि हातभर अंतरावर अगदी ठोस दगड. त्यातून तेल किती वाहील, पाणी कुठून शिरेल, याचे गणित नव्याने मांडावे लागले. दुसरा प्रश्न असा की हे तेल आले कुठून? तेल जिथे सापडते तिथेच ते तयार झालेले असेल असे नाही. तेल आणि खडक यांतल्या रेणूंची तुलना करून भूरसायनतज्ज्ञांनी मुंबई हायच्या तेलाचे मूळ त्याहून जुन्या, खोलवरच्या पन्ना थरातल्या मातकट खडकांत शोधले. माहेर कळले की आणखी कुठे शोधायचे हेही कळते. भोवतालच्या समुद्रात पुढे झालेल्या शोधांना या अभ्यासाचा मोठा आधार मिळाला.

कामाचा व्याप एका संस्थेच्या आवाक्याबाहेर जात होता. म्हणून १९७८ मध्ये साठ्यांच्या अभ्यासासाठी अहमदाबादला आणि खोदकामाच्या तंत्रासाठी देहरादूनला स्वतंत्र संस्था सुरू झाल्या.

१९८० चे दशक : पनवेल

मालवीय १९८१ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी देहरादूनच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

आता मुंबईच्या समुद्रातून देशाच्या एकूण तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल येत होते. कर्नल एस. पी. वाही यांच्या अध्यक्षपदाच्या काळात आयोगाचा पसारा झपाट्याने वाढला. समुद्रातल्या प्रश्नांची उत्तरे हिमालयाच्या पायथ्याशी बसून शोधणे अवघड होते. १९८३ मध्ये पनवेलला अभियांत्रिकी व सागरी तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिच्या शेजारी तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्था. इमारतींतून कर्नाळ्याचा सुळका दिसावा अशा या भागात, उरणचे टर्मिनल आणि न्हाव्याचा तळ हाकेच्या अंतरावर असताना, संशोधनाचा एक वेगळाच बाज तयार झाला. सकाळी समुद्रातून तक्रार यावी आणि संध्याकाळी नमुना टेबलावर असावा.

दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. मुंबई हायमध्ये प्लॅटफॉर्मचे पोलादी पाय समुद्रतळात खोल ठोकलेल्या खांबांवर उभे असतात. खांब मातीत घट्ट बसतो तो मातीच्या घर्षणामुळे. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी तळाशी चुनखडी वाळू आहे, म्हणजे मृत सागरी जीवांच्या कवचांचा चुरा. हे दाणे आतून पोकळ. खांब ठोकला की ते चिरडतात आणि पकड सुटते. कुरमुऱ्यांच्या पोत्यात काठी रोवावी तसे. इतर समुद्रांतल्या मातीवर बेतलेली कोष्टके इथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे. त्यामुळे आपल्या तळाची माती काढून, तिचे गुणधर्म मोजून, त्यावर खांबांची लांबी-रुंदी ठरवणे हे पनवेलच्या कामाचे एक महत्त्वाचे अंग झाले.

दुसरे उदाहरण मेणाचे. मुंबई हायचे तेल हलके, उत्तम प्रतीचे, पण मेणयुक्त. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत गोठते, तसे हे तेल तीस अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागते. जमिनीखालून गरम आलेले तेल समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून जाताना थंड होते आणि नळाच्या आतल्या बाजूला मेणाचे पुट चढू लागते. रक्तवाहिनीत चरबी साचावी तसा नळ आतून अरुंद होत जातो. कोणते रसायन किती प्रमाणात मिसळले तर मेणाचे स्फटिक एकमेकांना धरणार नाहीत, नळ किती दिवसांनी आतून खरवडून काढावा, उत्पादन थांबवावे लागले तर तेल किती वेळ नळात सुरक्षित राहील, हे सगळे इथल्या प्रयोगशाळांत तपासले गेले. विहिरींतला दाब कमी होऊ लागल्यावर तेलस्तंभात वायू सोडून तेल वर उचलण्याची 'गॅस लिफ्ट' पद्धत मुंबई हायमध्ये सर्रास वापरात आली. तिचे आराखडे हेही उत्पादन तंत्रज्ञांच्या कामाचे क्षेत्र.

याच दशकात, १९८७ मध्ये, भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाचा प्रचंड डेटा संगणकावर सोडवण्यासाठी देहरादूनला जिओपिक हे केंद्र सुरू झाले. १९८९ मध्ये दक्षिण गोव्यात बेतूलला सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरण व्यवस्थापनाची संस्था निघाली. समुद्रात कामाला जाणाऱ्या माणसाला आगीत, वादळात, पाण्यात पडल्यावर जीव कसा वाचवायचा हे शिकवणारी ही संस्था आहे. तिचे मोल तेलाच्या टनांत मोजता येत नाही.

१९९० चे दशक : जमिनीखाली पेटवलेली आग

या दशकात आयोगाची कंपनी झाली, खाजगी आणि परदेशी कंपन्यांना तेलशोधाची दारे उघडली, आणि संशोधन संस्थांनाही आपल्या कामाचा जमाखर्च मांडावा लागला. ते बदल सर्वांनी समजुतीने पेलले. पण नव्वदचे दशक खऱ्या अर्थाने लक्षात राहते ते मेहसाण्यामुळे.

उत्तर गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल, संथाल, लणवा, बेचराजी या पट्ट्यात तेल होते, पण ते काकवीसारखे दाट. त्याच्याच खाली-बाजूला पाणी. पंप सुरू केला की पातळ पाणी आधी धावून येई आणि दाट तेल जागच्या जागी बसे. नेहमीच्या पद्धतीने गेलो तर जमिनीतले बहुतांश तेल कायमचे जमिनीतच राहणार होते.

अहमदाबादच्या साठा अभ्यास संस्थेने उपाय सुचवला तो ऐकणाऱ्याला वेडाचा वाटावा असा : तेलसाठा जमिनीखालीच पेटवायचा. विहिरीतून दाबाने हवा सोडायची, तळाशी आग लावायची आणि तेलातला सर्वांत जड अंश जळणासाठी वापरायचा. आगीची आघाडी हळूहळू पुढे सरकते, पुढच्या तेलाला उष्णता मिळते, ते पातळ होते आणि वाफ व जळालेल्या वायूंच्या दाबाने शेजारच्या विहिरींकडे ढकलले जाते. रोमानियातील सुप्लाकू दे बार्काऊ इथे ही पद्धत साठच्या दशकापासून चालत आली होती. पण आपला खडक वेगळा, तेल वेगळे, खोली वेगळी. तिकडची कृती जशीच्या तशी इकडे उतरवून चालणार नव्हते.

म्हणून आधी आग पेटली ती प्रयोगशाळेत. पोलादी नळीत मेहसाण्याची वाळू आणि मेहसाण्याचेच तेल ठासून भरायचे, एका टोकाला पेटवायचे आणि हवा सोडत राहायची. नळीच्या लांबीवर ओळीने तापमापक तारा. एकेक तार चारशे, पाचशे अंशांपर्यंत चढते, मग उतरते, आणि पुढची चढू लागते. आग चालते आहे हे त्या आकड्यांतच दिसते. दुसऱ्या टोकाला थेंब थेंब तेल. किती हवेला किती तेल, आग कधी विझते, मागून पाणी सोडले तर उष्णता पुढे नेता येते का, या प्रश्नांसाठी नळी पुन्हा पुन्हा भरली गेली.

१९९० मध्ये बालोलला प्रायोगिक आग लावली आणि ती टिकली. १९९७ मध्ये बालोल व संथालमध्ये ही पद्धत व्यापारी पातळीवर सुरू झाली. पाणीच पाणी देणाऱ्या विहिरी पुन्हा तेल देऊ लागल्या. जगात जमिनीखालची आग यशस्वीपणे चालवणारी क्षेत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांत बालोल-संथालचे नाव आदराने घेतले जाते. साठ वर्षांच्या इतिहासातली सर्वांत धाडसी कामगिरी कोणती, असे विचारले तर प्रस्तुत लेखक बालोलकडे बोट दाखवील.

२००० चे दशक : जळणारा बर्फ आणि काळा पाषाण

मुंबई हायला पंचवीस वर्षे होत आली होती आणि उत्पादन उतरणीला लागले होते. २०००-०१ पासून पुनर्विकासाचे मोठे प्रकल्प हाती घेतले गेले. आडव्या विहिरी, जुन्या विहिरींतून काढलेल्या बाजूच्या शाखा, साठ्याची नवी संगणकीय प्रारूपे. उतरण थोपवण्यात या सगळ्याचा वाटा आहे.

२७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर भीषण आग लागली आणि २२ जण प्राणाला मुकले. या लेखात त्यांचे स्मरण असायलाच हवे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल ते ऑगस्ट २००६ या काळात, 'जॉइडेस रेझोल्यूशन' हे संशोधन जहाज भारताच्या किनाऱ्यांभोवती ११३ दिवस फिरले. २१ ठिकाणी ३९ छिद्रे घेतली. शोध होता गॅस हायड्रेटचा. खोल समुद्रात, प्रचंड दाब आणि थंडीत, पाण्याच्या रेणूंच्या जाळीत मिथेन अडकून बर्फासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. तुकडा वर आणून काडी लावली तर तो जळतो. एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू सुटतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मातकट खडकाच्या भेगांत भरलेला शंभर मीटरहून जाड हायड्रेटचा थर सापडला, अंदमानजवळ ज्वालामुखीय राखेतही तो मिळाला. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या या मोहिमेत ओएनजीसीच्या संशोधकांचा सहभाग होता. २०१५ मध्ये जपानच्या 'चिक्यू' जहाजावर दुसरी मोहीम झाली आणि पुढे गॅस हायड्रेटचे संशोधन केंद्र पनवेललाच उभे राहिले. हा वायू व्यापारी प्रमाणात काढण्याची वाट अजून जगात कुणालाच पूर्ण सापडलेली नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला याहून जवळचा वाटेल असा शोध काळ्या पाषाणाचा आहे. सह्याद्री, आपले गडकिल्ले, वेरूळची लेणी ज्या बसाल्टात आहेत, तो दख्खनचा पाषाण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरला आहे. लाव्हा थंड होऊन बनलेल्या खडकात तेल नसते, असे प्रत्येक विद्यार्थी शिकतो. पण बडोद्याजवळ पाद्रा इथे याच पाषाणाच्या भेगांत साठलेले तेल निघते. शिवाय लाव्हा पसरण्यापूर्वीचे गाळाचे खडक त्याच्या खाली गाडले गेले असतील, तर त्यांचे काय? ओएनजीसीने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेकडून दख्खनच्या या भागाचा एकत्रित अभ्यास करून घेतला. नर्मदा-तापी पट्ट्यात बसाल्टाखाली मध्यजीव काळातला गाळ असल्याचे संकेत त्यातून मिळाले. बसाल्ट भूकंपलहरींना अडवतो, विखुरतो, खालचे चित्र धूसर करतो. तो पडदा भेदण्याचे काम आजही चालू आहे.

जिवाणूंच्या साह्याने तेलगाळ स्वच्छ करण्याचे तंत्रही याच काळात रुजले. टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने विकसित केलेले तेल खाणारे जिवाणू वापरण्यासाठी ओएनजीसी आणि टेरी यांची संयुक्त कंपनी २००७ मध्ये निघाली. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' जहाजातून सांडलेल्या तेलाने किनारे काळवंडले, तेव्हा टेरीच्या या जिवाणूंचा उपयोग करण्यात आला.

२०१० चे दशक : पुन्हा मोजणी

२५ जानेवारी २०११ ला दुर्गापूरजवळ इच्छापूरच्या विहिरीत भारतातला पहिला शेल वायू, म्हणजे मातकट खडकात अडकलेला वायू, मिळाला. देहरादूनच्या संस्थेसाठी मात्र या दशकाचे खरे काम होते देशभरच्या साठ्याची फेरमोजणी. देशाच्या गाळखोऱ्यांत एकूण किती तेल-वायू असावा, याचा जुना अंदाज सुमारे २८ अब्ज टनांचा होता आणि तो पंधरा खोऱ्यांपुरताच होता. आता सर्व २६ खोरी हिशेबात घ्यायची होती. ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि हायड्रोकार्बन महासंचालनालय यांच्या संयुक्त पथकाने जुने सर्वेक्षण, जुन्या विहिरी, जुने नमुने पुन्हा बाहेर काढले. २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या या कामातून आकडा आला ४१.८७ अब्ज टन. हा सगळा काढता येण्याजोगा साठा नव्हे, जमिनीत दडलेल्याचा शास्त्रीय अंदाज आहे. तरी कुठल्या खोऱ्याकडे आधी वळावे हे त्यावरून ठरते.

इकडे पनवेलला वेगळीच मोजणी चालू होती. मुंबई हायचे पहिले प्लॅटफॉर्म साधारण पंचवीस वर्षांच्या आयुष्याचे धरून बांधले होते. खाली तेल अजून आहे आणि वरचा प्लॅटफॉर्म म्हातारा झाला आहे, अशी अवस्था. पाणबुड्यांनी केलेली जोडांची तपासणी, गंजाची मापे, पावसाळ्यातल्या लाटांचा जोर, हे सगळे गणितात घालून कुठला प्लॅटफॉर्म आणखी किती वर्षे उभा राहू शकतो आणि कुठल्याला आधार द्यायला हवा, हे अभियंते सांगतात. त्यांच्या सहीवर समुद्रात माणसे झोपतात. या कामाबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे.

आज

डिसेंबर २०२० मध्ये पश्चिम बंगालमधल्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यातील अशोकनगरचे तेलक्षेत्र राष्ट्राला अर्पण झाले आणि बंगालचे खोरे देशातले आठवे उत्पादक खोरे ठरले. इथले कच्चे तेल हल्दियाच्या शुद्धीकरण कारखान्यात गेले. पन्नासच्या दशकात स्टॅनव्हॅकसोबतच्या प्रकल्पात ज्या खोऱ्यातल्या विहिरी कोरड्या गेल्या होत्या, ते हेच खोरे.

संशोधनाची दिशाही बदलते आहे. गुजरातेतल्या कोयली शुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून गांधारच्या तेलक्षेत्रात सोडायचा, म्हणजे अडकलेले तेल निघेल आणि वायूही जमिनीत राहील, यासाठी इंडियन ऑइलबरोबर २०१९ मध्ये करार झाला. लडाखमध्ये पुगा खोऱ्यातली भूगर्भातली उष्णता वापरून वीज करण्याच्या प्रकल्पासाठी २०२१ मध्ये करार झाला. तिथे वर उसळणारी गरम वाफ हाताळायची तर विहिरी खोदण्याचे साठ वर्षांचे शहाणपणच कामी येणार आहे.

साठ वर्षांत या संस्थांत किती माणसे येऊन गेली याची यादी इथे देणे शक्य नाही. पण प्रत्येक निवृत्त भूवैज्ञानिकाच्या घरी माळ्यावर एखादी ट्रंक असते. तिच्यात पेन्सिलीने भरलेल्या क्षेत्रनोंदवह्या असतात, रशियन तज्ज्ञांनी हाताने काढलेले नकाशे असतात, एखाद्या कोरड्या विहिरीबद्दल समासात लिहिलेली शंका असते. बंगालची गोष्ट लक्षात घेता अशी शंका फेकून देण्याजोगी नाही. ज्यांच्याकडे अशा नोंदवह्या, नकाशे, छायाचित्रे असतील, त्यांनी किंवा त्यांच्या मुला-नातवंडांनी ती रद्दीत घालू नयेत. जवळच्या संस्थेत, मग ती देहरादूनची असो, अहमदाबादची असो की पनवेलची, ती आणून द्यावीत, ही कळकळीची विनंती.